‘आमेन’ टाकलं, पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही सोलापूरचे. यजमान पॉवरलूमवर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. मी घरी शाळेचे गणवेश शिवते. दोन मुलं, सासूबाई. रविवारी उपासनेला जातो. रोज सकाळी मोबाईलवर वचनाचं चित्र येतं, मी ‘आमेन’ टाकते, चार ग्रुपवर पुढे ढकलते आणि दुपारी काय वाचलं ते आठवतसुद्धा नाही. दर जानेवारीत वर्षभरात बायबल संपवायचं ठरवते, ते लेवीयात बंद पडतं. सासूबाई तेलुगू वाचतात, मुलं मराठी, म्हणून घरची प्रार्थनाही धड होत नाही. रोजच्या रोज विश्वास जगायचा म्हणजे नेमकं करायचं काय?

ताई, जय ख्रिस्त.

रोजच्या उत्तेजनाबद्दल पवित्र शास्त्रातलं सगळ्यांत नेमकं वचन इब्री ३:१३ आहे. तिथे ‘दररोज’ आहे आणि ‘एकमेकांना’ही आहे. दररोज उत्तेजन मिळवा असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही, एकमेकांना द्या असं म्हटलंय. मूळ ग्रीक क्रियापद ‘पाराकालेओ’. ‘पारा’ म्हणजे जवळ, ‘कालेओ’ म्हणजे बोलावणे. आपल्या मराठी शास्त्रात याच कुळातला शब्द कुठे ‘बोध’ होतो, कुठे ‘सांत्वन’ (२ करिंथ १:४), आणि योहान १४:१६ मध्ये पवित्र आत्म्यासाठी ‘कैवारी’ येतो तोही याच घरातला. बर्णबाला बोधपुत्र म्हणत, तो हाच बोध (प्रेषितांची कृत्ये ४:३६). जवळ बोलावून सांगणं, जवळ बसून धीर देणं, जवळ उभं राहून बाजू घेणं, हे सगळं त्या एका शब्दात आहे. दोनशे जणांना एका बोटाने पाठवलेल्या चित्रात नेमका हा ‘जवळ’ गळून पडतो. म्हणून ते पाठवणाऱ्यालाही लागत नाही आणि घेणाऱ्यालाही.

तेव्हा रोजचा हिशोब एवढाच धरा: थोडं वचन, एक माणूस, एक काम. माणसाला नाव असलं पाहिजे आणि काम संध्याकाळच्या आत होण्याजोगं असलं पाहिजे.

आधी ‘थोडं’ म्हणजे किती ते बघू, कारण बहुतेकांची गाडी इथेच रुतते. पवित्र शास्त्रात १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचं तर रोज सव्वातीन अध्याय. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० मिळून ९०, म्हणजे जानेवारी सरता सरता तुम्ही लेवीयाच्या दारात असता, सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा उठतो न उठतो तोच. उत्पत्तीत गोष्टी असतात, म्हणून वाचन पळतं. निर्गमाच्या २५ व्या अध्यायापासून निवासमंडपाची मापं सुरू होतात आणि लेवीयात यज्ञांचे विधी. वेग तोच ठेवायचा, मजकूर मात्र तिप्पट जड. त्यात दोन दिवस चुकले की साडेसहा अध्यायांची थकबाकी चढते. ती बघूनच हात आखडतो. यात तुमची श्रद्धा कमी पडली असं काही नाही, नियोजनच चुकीचं होतं. (लेवीय मात्र टाकाऊ समजू नका. ‘शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर’ हे मुळात लेवीय १९:१८ मध्ये आहे, आणि मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नको हे त्याच अध्यायाच्या १३ व्या वचनात. तुमच्याकडे काजं-बटणं करायला येणारी बाई असेल तर तिच्यासाठी हा अध्याय अगदी ताजा आहे.)

सुरुवात डोंगरावरच्या प्रवचनापासून करा, मत्तय ५ ते ७. एकूण १११ वचनं आहेत. रोज चार घेतली तर २८ दिवस लागतात. त्यानंतर फिलिप्पैकरांस पत्र, १०४ वचनं, २६ दिवस. मग याकोबाचं पत्र, १०८ वचनं, २७ दिवस. असे ८१ दिवस झाले. एवढं नीट पचलं की मग सोमवार ते शुक्रवार रोज एक अध्याय या चालीने नवा करार धरा. त्याचे अध्याय २६० आहेत आणि वर्षातले आठवडे ५२, आठवड्याला पाच, हिशोब बरोबर जमतो. शनिवार-रविवार मोकळे. चुकलेला दिवस भरून काढायचा नाही हा पक्का नियम ठेवा. मंगळवार राहिला तर बुधवारी बुधवारचंच वाचा. मंगळवारचा अध्याय पुढच्या फेरीत भेटेल. रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेल्या अन्नाचं, मान्न्याचंही असंच होतं. माणशी रोजचं एक ओमर एवढं माप, आणि उरवून ठेवलेल्यात किडे पडले (निर्गम १६:१६-२०). फक्त सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती.

आता सोलापूरकर म्हणतील, आमची कडक भाकरी तर महिनाभर टिकते! टिकते ना, आणि तीही लागते. रोजचं वाचन ही तव्यावरची गरम भाकरी, आणि पाठ केलेली वचनं ही डब्यातली कडक भाकरी. प्रवासात, दवाखान्यात, रातपाळीला, जिथे पुस्तक उघडता येत नाही तिथे हीच कामाला येते. आठवड्याला एकच वचन पाठ करा, जास्त नको. पहिल्या दिवशी पाच वेळा मोठ्याने, मग दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी न बघता, आणि महिन्याने परत एकदा. संदर्भ वचनाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा म्हणायचा, नाहीतर वचन राहतं आणि ठिकाण विसरतं. भाषांतर एकच ठेवा. आज चर्चमधलं, उद्या ॲपवरचं सोपं असं केलं की दोन्ही अर्धवट होतात. समजून घ्यायला सोपं भाषांतर शेजारी ठेवायला हरकत नाही, पाठांतर मात्र मंडळीत जे मोठ्याने वाचतात त्याचंच करावं. रविवारी ते कानावर पडतं आणि आपोआप उजळणी होते.

वेळेचं काय? ‘पहाटे पाच वाजता’ असं घड्याळाला बांधलेलं व्रत आपल्याकडे टिकत नाही, आणि त्याची कारणं साधी आहेत. चार-पाच दिवसांनी पाणी सुटतं आणि त्याच पहाटे सुटतं. पाळी बदलली की घराची झोप उलटीपालटी होते. शाळा उघडायच्या आधीचे दोन महिने गणवेशाचं काम रात्री बारापर्यंत चालतं. म्हणून घड्याळाऐवजी रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला वाचन बांधा. अनुवाद ६:७ मध्ये अशा चार खुंट्या आयत्याच दिल्या आहेत: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. तुमच्यासाठी सोयीची खुंटी म्हणजे मशीनवर बसण्याआधीची. मशीनचं झाकण काढायचं, तेलाचा थेंब सोडायचा, चार वचनं वाचायची, मग पायडल. यजमानांसाठी डबा भरून झाल्यावरची किंवा पाळीवरून आल्यावर हातपाय धुतल्यानंतरची. रातपाळीवरून आलेल्या माणसाने झोपेतून उठल्यावर वाचावं. डोळे मिटत असताना उघडलेलं शास्त्र छातीवरच राहतं.

पाण्याच्या दिवसासाठी एक छोटी आवृत्ती आधीच ठरवून ठेवा. स्तोत्र ११७ फक्त दोन वचनांचं आहे, स्तोत्र १३१ तीन वचनांचं. हंडे भरताना पाठ म्हणता येतात. ज्या घरात ‘पूर्ण नाहीतर काहीच नाही’ असं चालतं तिथे आठवड्यातून दोनदा ‘काहीच नाही’ होतं, आणि पंधरा दिवसांत सवय मोडते.

एक खोली असलेल्या घरात ‘आपल्या खोलीत जा आणि दार लाव’ (मत्तय ६:६) कसं पाळायचं, असंही पुष्कळजण विचारतात. तिथला ग्रीक शब्द ‘तामेइओन’, धान्य-सामान ठेवायच्या कोठीच्या खोलीसाठी वापरतात तो. म्हणजे येशू काही खास प्रार्थनाघर बांधायला सांगत नाही. रोख लोकांनी बघावं म्हणून केलेल्या प्रार्थनेवर आहे. गच्चीची पायरी, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली खुर्ची, घरच्यांना माहीत असलेली दहा मिनिटं, हेही दारच आहे. मुलांना सांगून ठेवा: आई ह्या खुर्चीवर असली की तेवढ्या वेळात हाक मारायची नाही, रक्त निघालं तरच.

आता वाचलेलं दुपारपर्यंत का टिकत नाही ते. डोळ्यांनी वाचलेलं डोळ्यांबरोबर जातं. स्तोत्र १:२ मध्ये रात्रंदिवस मनन करणाऱ्याला धन्य म्हटलंय. तिथला हिब्रू शब्द ‘हागा’ म्हणजे गप्प बसून विचार करणं इतकंच नाही. तो आवाजाचा शब्द आहे, पुटपुटण्याचा, गुरगुरण्याचा. यशया ३१:४ मध्ये शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी तोच शब्द आलाय. तेव्हा चार वचनांतून एकच तुकडा उचला, पाच-सहा शब्दांचा, आणि शिलाईच्या तालावर तो ओठांत घोळवत राहा. कॉलर लावताना, बाही जोडताना. यजमानांची तर मजाच आहे. मागाच्या खडखडाटात माणूस मोठ्याने स्तोत्र म्हणाला तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. जेवणाच्या सुट्टीत तोच तुकडा एकदा आठवायचा. आठवला नाही तर त्यात पाप नाही. खिशातली चिठ्ठी काढून परत बघायचा.

खरा प्रश्न यापुढचा आहे, आणि इथे सावकाश जाऊ.

वही घ्या, शाळेची चाळीस पानी चालेल. रोज एकच ओळ लिहायची: तारीख, संदर्भ, नाव, काम. ‘आज मी प्रेमाने वागेन’ हे काम नव्हे, कारण ते झालं की नाही हे संध्याकाळी सांगता येत नाही. समजा आज मत्तय ५:३७ आलं, तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असावं. शिलाईच्या धंद्यात हे वचन दिवसातून दहा वेळा मोडतं. माल शुक्रवारी होणार हे आपल्याला पक्कं माहीत असतं, तरी फोनवर ‘मंगळवारी देते हो’ निघून जातं. कारण ‘शुक्रवार’ म्हटलं तर माल दुसरीकडे जाईल ही भीती. मग त्या दिवशी वहीत लिहायचं: अमुक ठेकेदार, खरी तारीख सांगायची. कदाचित ते चिडतील, एखादा गठ्ठा जाईलही. हे आधी मोजून मगच लिहा, नाहीतर फोन आल्यावर जीभ जुन्या वाटेने जाते. कापलेल्या मालातून उरलेला मोठा तुकडा कोणाचा, हा त्याचा पुढचा धडा. ठेकेदाराने ‘ठेवा’ म्हटलं तर तुमचा. विचारलंच नसेल तर विचारून घ्या. जकातदार जक्कयाने चौपट परत देतो म्हटलं होतं (लूक १९:८), आपल्याला एक वाक्य विचारायचंय.

मत्तय ५:२३-२४ आलं की बरेचजण घाईने पान उलटतात. वेदीपाशी दान घेऊन आलास, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव आणि आधी समेट कर. यात चूक कुठे होते ते सांगते. ‘माझं काही चुकलं असेल तर माफ करा’ ही क्षमायाचना नव्हे. त्या ‘असेल तर’ मध्ये समोरच्यावरच ठपका असतो. काय केलं त्याचं नाव घ्या: ‘परवा सगळ्यांसमोर मी तुमच्या शिवणीला नावं ठेवली, ते चुकलं.’ एवढं बोलून थांबायचं. आपल्या बाजूचं कारण त्याच वाक्याला जोडायचं नाही. मेसेजने शक्यतो नको, समोर जाऊन. आणि लगेच ‘बरं बरं, सोडा’ असं उत्तर मिळेल ही अपेक्षाही नको. जखमेला तिचा वेळ लागतो. एक अपवाद मात्र ठामपणे: घरात मारहाण सोसणाऱ्या बाईला हे वचन दाखवून परत पाठवू नये. क्षमा करणं वेगळं आणि मार खायला परत जाणं वेगळं. अशा वेळी एखादी विश्वासातली बाई बरोबर घ्यावी, महिला हेल्पलाइन १८१ वर फोन करावा, पाळकांना नंतर सांगितलं तरी चालेल.

मत्तय ७:३ च्या दिवशी कुसळ-मुसळ येतं. त्या दिवशीचं काम न बोलण्याचं असू शकतं. ज्या एका माणसाबद्दल आपण रोज कुरकुरतो त्याच्याबद्दल सूर्यास्तापर्यंत एक शब्द काढायचा नाही. वाटतं सोपं. दुपारी चारच्या चहाला कळतं.

कामाच्या मधल्या प्रार्थनेसाठी नहेम्या २:४ बघा. राजा विचारतो, तुला काय पाहिजे? नहेम्या लिहितो, मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला म्हणालो. प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या श्वासात ती प्रार्थना झाली. मुकादम ओरडतो आणि आपण तोंड उघडतो त्यामध्ये तेवढी जागा असते. ‘प्रभू, जीभ सांभाळ’ इतके तीन शब्द पुरे. अशा टिचभर प्रार्थना मात्र सकाळच्या दहा मिनिटांवर चालतात. ती दहा मिनिटं नसली की ह्या आठवतच नाहीत.

रात्री पाच मिनिटं मागे वळून बघायची पद्धत चर्चमध्ये फार जुनी आहे. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला याने ती दिवसातून दोनदा करायला शिकवली. आपल्याला एकदा पुरे. भांडी घासताना करा, अंथरुणात नको, झोप लागते. आधी आज काय मिळालं ते आठवा, मग वहीतल्या नावाचं काय झालं, मग एक कबुली, शेवटी उद्याचं नाव. क्रम बदलू नका. कबुली आधी घेतली की ती पाच मिनिटं चुकांची यादी होते, आणि आठवड्याभरात माणूस ती टाळायला लागतो. काम झालं नसेल तर ते एकदाच पुढच्या दिवशी ढकलायचं. दुसऱ्यांदाही राहिलं तर ते काम बहुधा फार मोठं आहे, त्याचा लहान तुकडा करा.

मोबाईलवरच्या चित्रांबद्दल. बंद करा म्हणत नाही. फक्त पुढे पाठवण्याआधी त्या वचनाच्या मागची-पुढची दहा वचनं वाचा. सगळ्यांत जास्त फिरणारं यिर्मया २९:११ घ्या, देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत वगैरे. ते बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे आणि त्याच्या आधीच्याच वचनात ‘सत्तर वर्षं’ आहेत. ज्यांना ते लिहिलं त्यांतले कितीतरी परत जाणार नव्हते. त्यांना सांगितलंय काय, तर तिथेच घरं बांधा, बागा लावा, त्या शहराचं भलं बघा (२९:५-७). हे वाचल्यावर नोकरीची मुलाखत उद्यावर आलेल्या पोराला आपण ते वचन वेगळ्या तोंडाने देऊ. फिलिप्पै ४:१३, ‘मी सर्वकाही करायला शक्तिमान आहे’, हे परीक्षेच्या दिवशी फिरतं. पौल तिथे भरल्या पोटी आणि उपाशी पोटी कसं राहायचं ते शिकलो म्हणतोय. पगार आठ दिवस लांबलेल्या घराला ते जास्त लागू आहे. वाचून झालं की ते चित्र एकाच माणसाला पाठवा, वर त्याचं नाव लिहा आणि स्वतःचं एक वाक्य. ‘मावशी, आज तुमचं ऑपरेशन ना, दुपारी डबा घेऊन येते.’ चित्र नसलं तरी चालेल. डबा असला पाहिजे.

दवाखान्याचा विषय निघाला म्हणून. सिव्हिलला किंवा कुठेही आजाऱ्याला भेटायला गेलं की दहा मिनिटांत उठावं. मोठ्याने प्रार्थना करायची तर आधी विचारावं, वॉर्डात बाकीचेही आजारी असतात. ‘कुठे पाप झालं असेल ते बघ’ हे वाक्य तोंडातून काढू नये. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले (ईयोब २:१३) तोवर त्यांचं सगळं बरोबर चाललं होतं, बिघडलं ते बोलायला लागल्यावर, आणि शेवटी देव त्यांच्यावर रागावला. औषध बंद कर असं तर कोणीही, कितीही विश्वासाच्या भरात, सांगू नये. मदत विचारताना ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका, कोणी सांगत नाही. ‘उद्या सकाळी मुलांना शाळेत मी सोडते’ असं म्हणा. तुमच्या हातात तर मशीन आहे. यापोच्या दुर्कसेने केलेले अंगरखे आणि वस्त्रं विधवांनी रडत रडत पेत्राला दाखवली (प्रेषितांची कृत्ये ९:३९). तिचं एकही भाषण नोंदलेलं नाही.

काही महिने असे येतात की वाचलं तरी कोरडं, प्रार्थना केली तरी छताला लागून परत. तेव्हा लगेच ‘पाप कुठे?’ असं शोधत बसण्याआधी झोप आणि जेवण मोजा. एलीया झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. दोनदा झोपू दिलं आणि दोनदा भाकर-पाणी दिलं, बोलणं पुढे होरेबावर झालं (१ राजे १९:५-९). मे महिन्यात पारा ४२-४३ वर, पत्र्याची खोली, रातपाळीचा आठवडा, अशात मन कोरडं पडणं हे बरेचदा शरीराचं बोलणं असतं. अशा वेळी स्तोत्र १३ धरा. सहाच वचनं आहेत: दोन तक्रारीची, दोन मागणीची, दोन भरवशाची. त्या साच्यात आपली तक्रार आपल्या शब्दांत घाला, ‘हे परमेश्वरा, कुठवर?’ याच्यापुढे. देवाला बरं वाटावं म्हणून गोड बोलायची गरज नाही, स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं आणि तरीही ते शास्त्रात आहे. मात्र दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली, कशातच मन लागेना, जगणं नकोसं वाटू लागलं, तर डॉक्टरकडे जा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. प्रार्थना आणि गोळी यांचं भांडण नाही.

सोबतीला दोन बायका शोधा. तुम्ही धरून तिघी, जास्त नकोत. आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटं, घरी जमत नसेल तर सकाळी कंबर तलावाच्या बाजूने चालता चालता. तीनच प्रश्न: या आठवड्यात वहीतलं कोणतं काम झालं, कोणतं राहिलं, आणि आता कोणाची गरज आहे. याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करा म्हणतं, आणि त्याला तीन माणसं पुरतात. अशा मंडळ्या फुटतात ते एकाच कारणाने. इथलं बोलणं बाहेर ‘प्रार्थनेची विनंती’ होऊन जातं. ‘अमकीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरी काय चाललंय माहितीये ना...’ ही चुगलीच आहे, फक्त ‘आमेन’ लावलेली. पहिल्याच दिवशी ठरवा: जिची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय पाळकांनाही नाही.

दानाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक ओळ, कारण रोजच्या मजुरीच्या घरात हे अडतं. १ करिंथ १६:२ मधली रीत आठवड्याच्या पगाराला अगदी बसते: पहिल्या दिवशी, मिळकतीप्रमाणे, बाजूला काढून ठेवा. डब्यात वेगळं ठेवलं की महिनाअखेर ओढाताण होत नाही. पण बचत गटाचं कर्ज काढून किंवा दुकानदाराची उधारी थकवून दशांश देऊ नये. उधारीच्या पैशातून दिलेलं दान दुसऱ्याचं असतं.

शेजाऱ्यापाजाऱ्यांत राहताना सणवार, प्रसाद, वर्गणी हे प्रश्न येणारच. त्यावर आधी ठरवलेलं, शांत, एका वाक्याचं उत्तर असावं, आणि नाही म्हणायचं तर तोंड वाकडं न करता. १ पेत्र ३:१५ मध्ये आपल्या आशेबद्दल उत्तर द्यायला तयार राहा म्हटलंय, आणि सौम्यतेने हेही त्याच वचनात आहे. ज्यांच्या दारात वर्गणी नाकारता त्यांच्या मुलीच्या लग्नात वाढायला सगळ्यांत आधी उभं राहा.

राहिली घरची प्रार्थना. ती पंधरा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. एका गीताची दोन कडवी, सहा-आठ वचनं, एक प्रश्न, थोडक्यात प्रार्थना, प्रभूची प्रार्थना, झालं. मोडते ती दोन-तीन ठरावीक ठिकाणी. एक, मोठ्यांनी वचनावर भाषण सुरू केलं की मुलं भिंतीकडे बघत बसतात. त्याऐवजी एक प्रश्न विचारा ज्याचं उत्तर आपल्यालाही माहीत नाही. दोन, प्रार्थनेच्या नावाखाली रागवायचं नाही. ‘प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाईल सोडायची शक्ती दे’ हे देवाकडे जात नाही, मुलाकडेच जातं, आणि ते त्याला बरोबर कळतं. मुलासाठी त्याच्यासमोर उपकार माना, मागणं एकट्यात मागा. तीन, यजमान रातपाळीला असले की बंद, असं नको. त्या आठवड्यात संध्याकाळची प्रार्थना ते निघायच्या आधी, बूट घालताना, उभ्यानेच.

दोन भाषांचं अडचण म्हणून बघू नका. सोलापुरात तेलुगू, कन्नड, मराठी एका छपराखाली असणं काही नवं नाही. तोच उतारा आधी मुलीने मराठीत वाचावा, मग सासूबाईंनी तेलुगूत. नजर अधू झाली असेल तर बायबल ॲपवर तेलुगू आवाजात लावून द्या, पण वाचता येतं तोवर त्यांनाच वाचू द्या. मग नातवाने विचारावं, अज्जी, ह्या शब्दाला तुमच्यात काय म्हणतात? एक शब्द रोज. ‘भाकर’ आली की हा प्रश्न विचारायचाच. गीतं एक दिवस त्यांची, एक दिवस मुलांची, आणि त्यांच्या गीतात मुलांनी निदान ध्रुवपद धरावं. शेवटची प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी एकदम, ज्याने त्याने आपल्या भाषेत, मोठ्याने म्हणायची. सुरुवातीला गोंधळ वाटतो, चार दिवसांत कान सरावतो. ज्याची आधी संपेल त्याने गप्प राहून थांबायचं, आणि सगळ्यांत शेवटी सासूबाईंची संपली की ‘आमेन’ मात्र एकदम.